आजी यशोदा होती, हे वाड्यावर कुणालाच ठाऊक नव्हतं

अंत्रुजकार
गेल्या महिन्यात माझी आजी गेली. वर्तमानपत्रात निधनाची बातमी दिली, 'यशोदा' असं नाव घालून. दुसऱ्या दिवशी खालच्या वाड्यावरची, म्हणजे वस्तीवरची, एक बाई भेटली. वर्षानुवर्षं आजीकडून अबोलीची फाती (गजरे) घेऊन जाणारी. म्हणाली, "पेपरात आलंय ती यशोदा कोण रे तुमची?" मी म्हटलं, "येसू." ती तिथेच पायरीवर बसली आणि रडायला लागली.

तेव्हापासून मला वाटतंय की आपण माणसांची नावं फार सहज मोडतो. विठ्ठलचा विठू, शकुंतलेची शकू, पुरुषोत्तमचा पुरसो. बारशाला पाळण्याभोवती बायका जमवून, बाळाच्या कानात कुर्र करून ठेवलेलं नाव घरात वर्षभरही टिकत नाही. मी मुलाला दामोदर अशीच पूर्ण हाक मारतो. सगळ्यांनीच मारावी, असं माझं मत आहे.

सांखळीची बाय
आजीचं वाचून वाईट वाटलं. मत मात्र अजिबात पटलं नाही. नाव मोडायला आळस कारण नसतो, बहुतेक वेळा आदर असतो. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. सून सासऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही. मग दूध सांडलं म्हणून पोराला ओरडायचं कसं? "दामोदर, कान पिळीन" म्हणायचं? म्हणून त्याचा बाबू होतो, बाबा होतो, आबा होतो. आपल्या गोव्यातच १९०७ साली जन्मलेले इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी घ्या. नाव आजोबांचं, आणि जवळच्या माणसांत ते 'बाबा'.

आमच्या एकत्र कुटुंबात तर आईला आम्ही तिन्ही भावंडं 'वहिनी' म्हणायचो, कारण काका-आत्यांच्या तोंडून तेच ऐकत वाढलो. आजही 'वहिनी' म्हटलं की मला आईच दिसते. हे नाव कुठल्या दाखल्यावर शोधणार?

अंत्रुजकार
आदराचं मान्य. पण सासऱ्याचं नाव न घेणारी सून आता किती घरांत उरली? कारण संपलं तरी मोडलेली नावं चालूच आहेत.

पेडण्याचा नातू
तुम्ही दोघंही घराच्या आतूनच बघताय. नाव कोण मोडतं, यावर सगळं अवलंबून आहे. माझे पणजोबा पांडुरंग. त्यांची आई पणजीला विचारायची, "पांडू जेवला?" त्या 'पांडू'त माया होती. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, खळ्यात तेच 'पांडलो'. आणि त्याच भाटकाराचा पाळण्यातला मुलगा सगळ्या गावाचा आदराने 'बाब'. साठी उलटलेल्या माणसाला 'पांडलो' आणि दुधपित्या पोराला 'बाब'!

हे बोलण्यापुरतं राहिलं असतं तर सोडून दिलं असतं. पण कागदावरही 'पांडलो' असंच उतरलं. भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांना संरक्षण देणारा १९७५ चा मुंडकार कायदा आल्यावर आजोबा घराच्या जागेवर नोंद करायला गेले, तेव्हा पांडलो आणि पांडुरंग हा एकच माणूस, हे पटवायला त्यांना किती खेपा घालाव्या लागल्या! साक्षीला दोन म्हातारे उभे केले. आजोबा ती गोष्ट सांगताना शेवटी नेहमी पूर्ण नाव उच्चारायचे. पां-डु-रं-ग. एकेक अक्षर सुटं. म्हणून आमच्या घरात नाव मोडत नाहीत. माझा पाठिंबा अंत्रुजकारांना, पण कारण हे.

वकीलबाई, म्हापसा
अशी प्रकरणं माझ्याकडे आजही येतात. पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत एक नाव, शाळेत दुसरं, विक्रीखतात तिसरं. मग 'हे सगळे एकच' असं प्रतिज्ञापत्र. ख्रिस्ती घरांतही तेच. नोंदीत सेबास्तियांव, वाड्यावर बस्त्यांव, आणि बँकेच्या पासबुकावर नातवाने घातलेलं सेबी. नाव बदलायला १९९० चा कायदा आहे, पण त्या वाटेला जायची वेळच येऊ देऊ नका. घरात काहीही म्हणा. शाळेत घालताना मात्र अर्ज आजोबांच्या हाती न देता स्वतः जन्मदाखला समोर ठेवून भरा.

सांखळीची बाय
पेडण्याच्या नातवाचं वाचून थोडा वेळ काही सुचलंच नाही. खरं आहे ते. 'पांडू'तला ऊ, 'पांड्या'तला या आणि 'पांडलो'तला लो, तिन्हींत अंतर आहे, आणि ऐकणाऱ्याला ते बरोबर कळतं. पण म्हणूनच सांगते, भाटकाराने वापरलं म्हणून आईचा 'पांडू' का टाकायचा? तो त्या माउलीच्या तोंडचा शब्द आहे. तो तुमच्या घरातून गेला तर भाटकाराचा तेवढा उरेल.

आणि बाहेरच्या जगातही जवळचं नाव मोठं होतंच की. १९६३ मध्ये मुख्यमंत्री झालेले दयानंद बांदोडकर. आमच्या घरात त्यांना दयानंद कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. भाऊ, नाहीतर भाऊसाहेब.

पेडण्याचा नातू
'भाऊ' लोकांनी आपण होऊन दिलेलं, वर चढवणारं नाव. पांडलो खाली ओढणारं. दोन्ही एका मापाने मोजू नका. आईच्या 'पांडू'बद्दल मात्र विचार करतो.

सांखळीची बाय
अंत्रुजकार, एक विचारायचं राहिलं. यशोदा हे आजीचं माहेरचं नाव की सासरचं?

अंत्रुजकार
हा प्रश्न मलाही पडला नव्हता. रात्री आत्याला फोन केला. यशोदा सासरचं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं. माहेरची ती सुमती. म्हणजे जे नाव पूर्ण म्हणावं असं मी इथे भांडतोय, तेही तिच्यावर मोठेपणी घातलेलं, आणि कुणी न वापरलेलं. 'येसू' निदान रोज कुणाच्या तरी तोंडात होतं.

डिचोलीला तिचा धाकटा भाऊ आहे, पंच्याऐंशीच्या पुढचा. बाराव्याला त्याला आणलं होतं. फोटोसमोर हात जोडून तो काहीतरी पुटपुटत होता. तेव्हा मला वाटलं मंत्र म्हणतोय. आत्या म्हणते, "सुमी, सुमी" म्हणत होता.