धुळ्याजवळ लहान मुलांना चढवता येईल अशी टेकडी आणि जवळ पाणी, कुठे जावं?

देवपूरची_सून:
नमस्कार मंडळी. येत्या रविवारी सगळे मिळून कुठेतरी चालायला जायचं आहे. मुलगी आठ वर्षांची, मुलगा साडेचारचा, सासूबाई चौसष्टच्या आणि त्यांचा उजवा गुडघा दुखतो. अर्धा-पाऊण तास चढ चालेल, त्याहून जास्त नको. जवळ धरण किंवा तलाव असला तर फार बरं, मुलगी शाळेतून पक्ष्यांचं वेड घेऊन आली आहे. गाडी घरचीच आहे, पण पेट्रोल धरून सगळं मिळून हजार रुपयांत बसवायचं आहे. संध्याकाळी सहाच्या आत घरी यायचं. सुचवा.

आग्रारोड:
कथा चालनात (कुठे चाललात) ताई, लळिंग किल्ला दारात असताना? मी वीस वर्षं चढतोय. शहरापासून दहाएक किलोमीटर, गाडी गावात लावा, महादेवाच्या हेमाडपंती मंदिरापासून वाट निघते. आमच्या पुतण्याने चौथ्या वर्षी सर केला. वर पाण्याची टाकी आहेत, ललितामातेचं देऊळ आहे, तटबंदी आहे. माथ्यापर्यंतच जा, अर्ध्यातून परत येऊ नका.

तोरणमाळ_शहादा:
लहान मुलांना थंड हवा दाखवायची तर तोरणमाळच. अकराशे मीटरच्या वरचं पठार, मधोमध यशवंत तलाव, काठाने सपाट चालत फिरता येतं, आजींनाही जमेल. सीताखाई बघा. एक रात्र राहा, घाईत जाऊ नका. घाटात मुलांना उलट्या होतात, रिकाम्या पोटी बसवू नका.

देवपूरची_सून:
तोरणमाळ मनात आहेच, दादा. पण धुळ्याहून सव्वाशे किलोमीटरच्या वर आहे, एका दिवसात आणि हजार रुपयांत नाही जमणार.

तोरणमाळ_शहादा:
मग दोन हजार धरा. असा तलाव अख्ख्या खानदेशात दुसरा नाही.

दोन_लेकरांची_आई:
ताई, टेकडी कुठलीही घ्या, पाण्याचं मात्र नीट ऐका. गेल्या वर्षी साक्री तालुक्यातल्या एका धरणावर गेलो होतो. पाणी मागे हटलं होतं आणि काठाला भेगा पडलेली कोरडी माती दिसत होती. माझा सहा वर्षांचा मुलगा चपटे दगड भिरकवायला पुढे धावला आणि दहा पावलांत गुडघ्यापर्यंत रुतला. वरून वाळलेला पापुद्रा असतो, खाली गाळ लोण्यासारखा. मिस्टर धावले तर तेही रुतले. शेवटी एका गुराख्याने काठी आडवी टाकून दोघांना पोटावर झोपवून ओढलं. बूट अजून तिथेच आहेत. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे, पाणी बांधावरून बघायचं, दगडी पिचिंगवरही (बांधाच्या उतारावर रचलेल्या दगडांवर) उतरायचं नाही, कारण शेवाळ असतं.

चाळीसगावकर:
गाळाचं अगदी खरं आहे. म्हणूनच म्हणतो, धरण सोडा आणि आमच्याकडे पाटणादेवीला या. चाळीसगावपासून अठरा किलोमीटर. चंडिकादेवीचं मंदिर, मागे डोंगराची भिंत, सावली भरपूर. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने काढलेल्या मठाचा शिलालेख याच पाटणचा. गणित आवडणाऱ्या मुलांना हे सांगाच. धवलतीर्थ धबधब्यापर्यंत चाला आणि परत या. पितळखोऱ्याच्या लेण्यांचा मोह मात्र लहान मुलांसोबत नको, वाट लांब आहे आणि आग्यामोहोळं असतात. अत्तर, सेंट काही लावू नका.

गिरणाथडी:
पाटणादेवी गौताळा अभयारण्यात येतं, तिथे बिबट्या आहे हे नाही सांगितलं? आजी आणि साडेचार वर्षांचं पोर घेऊन मी जाणार नाही.

चाळीसगावकर:
दिवसाउजेडी, माणसांच्या वाटेवर, मंदिराच्या आवारात जायचं आहे. माझ्या आईला घेऊन दर नवरात्रात जातो. घाबरवू नका.

बूटवाला_नितळ:
जागेआधी बूट. मुलांना डेकॅथलॉनमधून ट्रेकिंगचे बूट घ्या, मी दोघांना घेतले, एकदाही पाय मुरगळला नाही. धाकट्यासाठी पाठीवर बसवायची कॅरिअर बॅग पण घ्या, सहा-सात हजारांत चांगली येते. आजींना दोन पोल.

आग्रारोड:
भाऊ, हजाराचं बजेट आहे, पहिलं वाक्य वाचा. लळिंगला शाळेचे काळे बूट पुरतात.

बूटवाला_नितळ:
पाय एकदाच मिळतात.

सेवानिवृत्त_मास्तर:
गुडघ्याबद्दल लिहितो, कारण मी स्वतः भोगलं आहे. चढताना गुडघा कुरकुरतो, पण खरा बोजा उतरताना पडतो. आजींना वर नेणं सोपं वाटेल, खाली येताना त्या पायरीगणिक बसतील. हातात बांबूची काठी द्या, वळणावळणाने तिरप्या पावलांनी उतरवा, नाहीतर त्यांना पायथ्याला सावलीत सतरंजी टाकून द्या, सोबत कोणीतरी थांबा.

दुसरं म्हणजे कुसळ. पावसाळ्यातलं गवत जानेवारीत वाळून कुसळ होतं आणि लोकरीच्या मोज्यांत असं घुसतं की घरी आल्यावर चिमट्याने एकेक काढावं लागतं. मुलांना पूर्ण पँट घाला, गुळगुळीत कापडाची, आणि स्वेटर उन्हं वर आली की काढून पिशवीत. सकाळी आठला पायथ्याशी असा. आपल्याकडे सकाळी हुडहुडी आणि अकराला चटके. पाच जणांना सहा लिटर पाणी लागतंच.

भरीतपुरी:
जेवणाचं कोणी बोललंच नाही. आता हिरव्या वांग्यांचा मोसम आहे. तिथेच काड्या पेटवून वांगी भाजा, कळण्याची भाकरी घरून न्या, ठेचा न्या.

जळगाव_लेवा:
भरीत गॅसवर भाजलं तर भरीत नाही, हे मान्य. पण वांगी बामणोदचीच हवीत.

भरीतपुरी:
बामणोद, आसोदा, भालोद, कुठलीही आणा, काडीवर भाजा.

सेवानिवृत्त_मास्तर:
कृपा करून जाळ करू नका. लळिंगचं कुरण असो की अभयारण्य, वाळलेल्या गवतात एक ठिणगी पुरे. अभयारण्यात जाळ करायला बंदीच आहे. भरीत घरून डब्यात न्या, गार भरीतही छान लागतं.

भरीतपुरी:
बरोबर आहे मास्तर. मी घराच्या अंगणात भाजतो, तसं लिहायला हवं होतं.

यादवकाळ:
लळिंग खानदेशच्या फारुकी सुलतानांचा म्हणतात, पण पायथ्याचं मंदिर यादवकाळाकडे बोट दाखवतं. किल्ल्यावर कोणाचा हक्क आधी, हा प्रश्न उरतोच.

आग्रारोड:
फारुकींचा मूळपुरुष मलिक राजा, त्याला फिरोजशहा तुघलकाने थाळनेरची जहागिरी दिली ती १३७० मध्ये. त्याआधीही इथे वस्ती असणारच. यावर वेगळं लिहा, ताईंना रविवारी जायचं आहे.

पिंपळनेरचा:
वरच्या सगळ्यांशी सहमत. लळिंगच बरं. लवकर निघा, पाणी न्या, गाळात जाऊ नका. लाटीपाडा धरणही छान आहे, पण तुम्हाला लांब पडेल.

देवपूरची_सून:
सगळ्यांचे आभार. काल रात्री सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, लळिंग नको, सोनगीर.

आग्रारोड:
सोनगीर? पडकी तटबंदी आणि एक विहीर, बाकी काय आहे तिथे? हायवेवरून दिसतो तेवढाच. वीस किलोमीटर जाऊन मुलांना काय दाखवणार?

तोरणमाळ_शहादा:
सोनगीरपर्यंत जाताच आहात तर तिथूनच दोंडाईचावरून शहाद्याला या, माझ्या घरी जेवा.

देवपूरची_सून:
जाऊन आलो. सविस्तर लिहिते, पुढे कोणाला उपयोगी पडेल.

सव्वाआठला सोनगीरला पोचलो. टेकडी बुटकी आहे, धाकट्याच्या गतीने, दोनदा बसून, पंचवीस मिनिटांत वर. साडेचार वर्षांच्या पोराला “आपण किल्ला चढलो” असं म्हणता आलं, मला तेवढंच हवं होतं. विहीर खोल आहे, तिच्याजवळ दोघांचे हात घट्ट धरले. सावली नाही, त्यामुळे साडेदहाला खाली आलो. मास्तर, तुमची काठी आणि तिरपी पावलं दोन्ही कामी आली, सासूबाई स्वतःच्या पायांनी वर आल्या आणि उतरल्या. कुसळ मात्र निघालंच, मुलाचे मोजे फेकून दिले.

सोनगीर सासूबाईंनी का धरलं ते तिथे कळलं. त्यांच्या लग्नातला तांब्याचा हंडा सोनगीरच्या तांबटाकडचा. गल्लीतून फिरताना ठोक्यांचा आवाज ऐकून त्या बराच वेळ उभ्याच राहिल्या. मुलीला त्यांनी स्वतःच्या पैशांतून तांब्याचा छोटा पेला घेऊन दिला.

दुपारी घरी जेवून, चारला नकाणे तलाव. बांधावरूनच बघितलं, खाली कोणी उतरलं नाही. दोन लेकरांची आई, तुमची आठवण काढली. कपाळावर पांढरा ठिपका असलेले काळे वारकरी पक्षी मुलीने एक्केचाळीस मोजले, मग एका बाईकच्या हॉर्नने सगळे आत गेले आणि ती रडली.

पेट्रोल आणि चहा धरून, पेल्याचे वगळून, सातशे चाळीस रुपये झाले. पुढच्या रविवारी मुलगी वारकरी पुन्हा मोजायला जाणार म्हणते आहे, सकाळी सहाला.

आग्रारोड:
सकाळी सहाला नकाणेवर धुकं असतं, साडेसातला जा. आणि त्याच्या पुढच्या रविवारी लळिंग.