घरातल्या चित्रपटांची यादी कशात ठेवायची? वही रद्दीत घालायला सांगणाऱ्यांना उत्तर

आयर्विनकाठ, सांगली

परवा इथे एकांनी लिहिलं होतं, "वही आणि एक्सेल आता रद्दीत घाला. जेलीफिन हा चित्रपटांची लायब्ररी लावणारा प्रोग्रॅम टाका, चित्रपट फोल्डरमध्ये ओता, पोस्टर, साल, कलाकार सगळं आपोआप येतं. हातानं यादी करत बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं." त्याखाली वीसेक अंगठे पडले. दोन दिवस गप्प बसलो, पण राहवलं नाही.

माझ्याकडे साडेसहाशेच्या आसपास व्हीसीडी-डीव्हीडी होत्या, चाळीसेक व्हीएचएस कॅसेट आणि तीन हार्ड डिस्क. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागात आमचा तळमजला. आम्ही माणसं आणि कागदपत्रं वर नेली, कपाट कोण नेणार? पाणी उतरल्यावर गाळातून एकेक चकती काढली, हौदावर धुतली आणि गच्चीत धोतरावर वाळत घातली. चकत्या बऱ्याच वाचल्या. पण कव्हरांचा लगदा झाला होता आणि घरी कॉपी केलेल्या डिस्कवर मार्करनं लिहिलेली नावं पुसून गेली होती. दोनशेवर चकत्या पुढ्यात, आणि कशावर काय आहे हे सांगणारी यादी ज्या कॉम्प्युटरात होती तो त्याच खोलीत टेबलाखाली बुडालेला. यादी अशाच एका 'आपोआप'वाल्या प्रोग्रॅममध्ये होती. त्याचा बॅकअप हार्ड डिस्कवर, आणि हार्ड डिस्क त्याच कपाटात.

म्हणून सांगतो. यादी साध्या तक्त्यात ठेवा. प्रत्येक नगाला क्रमांक द्या आणि तो क्रमांक कव्हरवर न लिहिता चकतीच्या मधल्या पारदर्शक कड्यावर लिहा. तक्त्यात नाव, साल, भाषा, कशावर आहे, किती चकत्या, कुठल्या कप्प्यात आणि शेवटची कधी चालवून पाहिली एवढं पुरे. तक्त्याची एक प्रत घराबाहेर हवी. माझी आता विश्रामबागला बहिणीकडे असते आणि एक मेलमध्ये.

आणि 'आपोआप'चं म्हणाल तर व्हीसीडी कॉम्प्युटरात घालून बघा. एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर आणि आत एव्हीएसईक्यू०१.डॅट. जवळपास प्रत्येक व्हीसीडीत हेच नाव. त्यावरून तुमचा प्रोग्रॅम काय ओळखणार? एका चकतीवर सव्वा तासाच्या आसपासच मावतं, म्हणजे एका चित्रपटाच्या दोन, कधी तीन चकत्या. माझ्या निम्म्या मराठी व्हीसीडी अशाच आहेत.

पोवईनाका७७, सातारा

ती पोस्ट माझी. काका, पुराचं वाचून खरंच वाईट वाटलं. पण तुमचं नुकसान प्रोग्रॅममुळे झालं नाही, बॅकअप त्याच कपाटात ठेवल्यामुळे झालं. एक्सेलची फाइल त्या कॉम्प्युटरात असती तर तीही बुडालीच असती.

जेलीफिनबद्दल अर्धवट माहितीवर लिहू नका. एम्बी नावाच्या तशाच प्रोग्रॅमनं २०१८ च्या डिसेंबरात आपला सोर्स कोड लोकांसाठी बंद केला तेव्हा त्यातून फुटून हे निघालं. फुकट आहे आणि कुणा कंपनीच्या मर्जीवर चालत नाही. सेटिंगमध्ये एनएफओ चालू केलं की प्रत्येक चित्रपटाची माहिती त्याच्याच फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फाइलीत राहते, उद्या प्रोग्रॅम नसला तरी नोटपॅडमध्ये उघडेल. आणि ज्या चकत्या कॉम्प्युटरात घेतलेल्याच नाहीत त्यांच्यासाठी 'नाव.डीव्हीडी.डिस्क' अशी नुसती रिकामी फाइल बनवायची. ती यादीत पोस्टरसकट दिसते. कोडी या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅमातही हे चालतं.

माझी आजी ८१ वर्षांची आहे. तिला तुमचा तक्ता वाचता येणार नाही, अक्षरं बारीक दिसतात. पण टीव्हीवर पोस्टरांची रांग आली की ती बोट दाखवते, "हा लाव." सात-आठ वर्षं तिनं स्वतःहून कुठलाही चित्रपट मागितला नव्हता. यादी कुणासाठी करायची, कप्प्यासाठी की बघणाऱ्यासाठी?

दाखलनोंद, कोरेगाव

वही रद्दीत घाला हे वाक्य मलाही लागलं. एकतीस वर्षं वाचनालयात दाखल नोंदवही लिहिली आहे. दाखल क्रमांक एकदा दिला की तो कायमचा. पुस्तक हरवलं तर ओळ खोडायची नाही, शेऱ्यात लाल शाईनं 'गहाळ' लिहायचं आणि तो क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही. कोडीत 'लायब्ररी क्लीन' केलं की ज्याची फाइल सापडत नाही त्याची नोंदच जाते. एकेकाळी आपल्याकडे काय होतं, हे सांगणारी ओळ गेली तर ती यादी कसली?

वही पाण्यात पडली तरी बॉलपेननं लिहिलेलं वाचता येतं. जेल पेननं लिहू नका, पसरतं.

मिरज किल्लाभाग

तुम्ही सगळे हुशार आहात, पण माझा प्रश्न कुणीच घेत नाही. नेलेली डिस्क परत आणण्याचं काय? आमच्या ह्यांनी पस्तीस वर्षं जमवलं. जो येईल तो "वहिनी, एवढी नेतो हं" म्हणून न्यायचा. हे सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर नाव लिहून रिकाम्या जागी उभा करून ठेवायचे. हे गेल्यावर मी कपाट उघडलं तर सत्तावीस पुठ्ठे. त्यातल्या अकरा जणांना फोन केले. दोघांनी परत आणून दिल्या, बाकीच्यांना आठवतच नाही. कशातही ठेवा, पण 'कुणी नेली, कधी नेली' हा रकाना पहिला घाला.

ह्यांनी टाइप केलेली यादीही आहे, पण ती उघडली की नुसती इंग्रजी चिन्हं दिसतात. मुलगा म्हणतो फाइल बिघडली.

डीटीपी विटा

वहिनी, फाइल बिघडलेली नाही, काढून टाकू नका. ती श्रीलिपीत नाहीतर शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेली असणार. त्या काळी अक्षर म्हणजे इंग्रजी कीवर चढवलेलं चित्र असायचं. फॉन्ट नसला की खालची इंग्रजी चिन्हं उघडी पडतात. कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, आणता येते.

आणि हाच मुद्दा सगळ्यांना. यादी कशात ठेवता यापेक्षा कुठल्या लिपीत ठेवता ते बघा. युनिकोड देवनागरीत ठेवा. एक्सेलमधून साध्या मजकुराचा तक्ता काढताना नुसतं सीएसव्ही निवडलं तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं बसतात. सीएसव्ही यूटीएफ-८ निवडायचं. माझ्याकडे लोक रडत येतात, तोवर मूळ फाइल पुसलेली असते.

पोवईनाका७७

देवनागरीत ठेवली की टीएमडीबीशी, म्हणजे प्रोग्रॅम जिथून पोस्टर आणि माहिती उचलतो त्या इंटरनेटवरच्या डेटाबेसशी, जुळवणी बिघडते, मी करून पाहिलंय. फाइलचं नाव रोमनमध्ये आणि कंसात साल, ही सर्वांत खात्रीची पद्धत.

डीटीपी विटा

म्हणजे अमेरिकेतल्या डेटाबेसला सोपं जावं म्हणून आपण आपल्या चित्रपटाचं नाव परक्या लिपीत लिहायचं? 'कुंकू' रोमनमध्ये कसं लिहिणार, शेवटी एक यू की दोन ओ? दहा माणसं दहा तऱ्हेनं लिहितात. देवनागरीत एकच.

पोवईनाका७७

एकच? मग 'दुसऱ्या' शोधून दाखवा. ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो, डोळ्यांना सारखा आणि कॉम्प्युटरला वेगळा. ॲ चंही तेच. एका कीबोर्डवर टाइप केलेलं दुसऱ्यावर शोधलं तर मिळत नाही. हे डीटीपीवाल्याला मी सांगायचं?

डीटीपी विटा

मला ते तुझ्या जन्माच्या आधीपासून माहीत आहे. त्यावर उपाय एकाच पद्धतीनं टाइप करणं हा आहे, लिपी सोडणं नव्हे.

आयर्विनकाठ

लिपीच्या बाबतीत मी विट्यांच्या बाजूचा, पण एक अडचण सांगतो. साध्या कोडक्रमानं अकारविल्हे लावलं तर 'क्ष'चं नाव 'क'मध्ये घुसतं आणि 'ज्ञ'चं 'ज'मध्ये. ळ ची जागा ल च्या पाठीला, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. भाषा मराठी निवडून क्रम लावावा लागतो.

दाखलनोंद

आणि नाव एकच असतं हे कुणी सांगितलं? प्रभातचा १९३७ चा 'कुंकू' हिंदीत 'दुनिया न माने' झाला. १९४१ चा 'शेजारी' हिंदीत 'पडोसी', आणि त्यात नुसती भाषा बदललेली नाही. मराठीत केशवराव दाते आहेत, हिंदीत त्या जागी मझहर खान. पुतण्यानं माझ्या चकत्या तुमच्या त्या प्रोग्रॅमात घातल्या तर 'शेजारी'वर 'पडोसी'चं पोस्टर आणि मझहर खान यांचं नाव. मी दात्यांचा अभिनय पाहून रडलेली बाई, मला ते चालणार नाही. दोन वेगळ्या ओळी हव्यात आणि दोन्हींत एकमेकींचा क्रमांक.

पोवईनाका७७

चुकीची माहिती हातानं दुरुस्त करून कुलूप लावता येतं, ताई. टीएमडीबीवरही कुणीही दुरुस्ती करू शकतं. तुम्ही हे सगळं इथे लिहिता, तिथे का लिहीत नाही? जुन्या मराठी चित्रपटांची पानं रिकामी आहेत ती तुमच्यासारख्यांनी न भरल्यामुळे.

डीटीपी विटा

फुकट राबायचं आम्ही आणि माहिती त्यांची! उद्या दार लावलं तर? मॅकवरच्या डिलिशस लायब्ररी या यादी ठेवायच्या प्रोग्रॅमचं २०२४ मध्ये काय झालं बघ. ॲमेझॉनकडून येणारी माहिती थांबली आणि प्रोग्रॅम बंद करावा लागला. लोकांनी वर्षानुवर्षं बारकोड स्कॅन करून भरलं होतं.

पोवईनाका७७

तुम्हाला फक्त नवीन काही नको आहे. बोलण्यात अर्थ नाही.

प्रीतिसंगम, कराड

अरे जरा दमानं घ्या की. माझा लग्नाच्या शूटिंगचा धंदा. १९९४ पासूनच्या व्हीएचएस, नंतरच्या मिनीडीव्ही, सगळं घरात आहे. ती लग्नं कुठल्या डेटाबेसात मिळणार? गेल्या वर्षी एक मुलगी आली, वडील वारलेले, त्यांचा आवाज कुठेच नाही. म्हणाली, आत्याच्या लग्नात ते बोलले असतील. माझ्या डायरीत तारीख, गाव, दोन्हीकडची आडनावं आणि कॅसेट क्रमांक. आडनावावरून तीन कॅसेट काढल्या. दुसरीत, पंगतीत वडील जिलेबीचं ताट घेऊन फिरतायत आणि "अजून एक घ्या, पाव्हणं" म्हणतायत. चार सेकंद. बुरशी चढलेली टेप, दोनदा साफ करून एकदाच चालली.

त्यामुळे माझं मत तक्त्याला. 'कोण कोण दिसतं' हा रकाना कुठलाच प्रोग्रॅम आपोआप भरणार नाही. पण पोवईनाक्याचं आजीचं म्हणणंही खोटं नाही. गिऱ्हाइकाला मी डायरी देत नाही, प्रत्येक लग्नाचा एक फोटो दाखवतो, तेव्हाच ते ओळखतात.

आयर्विनकाठ

रिकाम्या फाइलीची ती युक्ती मला माहीत नव्हती, एवढं मान्य. काल रात्री वीस चकत्यांसाठी करून पाहिली. अठरांची पोस्टरं बरोबर आली, दोन चुकली. आईला टीव्हीवर दाखवली तर ती तासभर नुसती पोस्टरंच बघत बसली. पण त्या फाइलींची नावं मी माझ्या तक्त्यावरूनच टाकली. मूळ तक्ताच राहील, यावर मी हलणार नाही.

पोवईनाका७७

तक्ता मूळ ठेवून त्यावरून फाइली बनवायला माझा विरोध कधीच नव्हता. तक्ता पाठवा, सगळ्या फाइली एकदम तयार करणारी छोटी स्क्रिप्ट लिहून देतो. देवनागरी नाव आणि रोमन नाव असे दोन रकाने लागतील. विट्यांनी यावर भांडू नये.

डीटीपी विटा

देवनागरीचा आधी असेल तर भांडत नाही.

मिरजेच्या वहिनी, फाइल मिळाली. फॉन्ट श्रीलिपीच निघाला. पहिल्या साठ ओळी तपासल्या, रफार चौदा ठिकाणी चुकीच्या अक्षरावर गेलाय, ते हातानं करतोय. उजवीकडे एक बारीक रकाना आहे, त्यात 'जोशी ३ मार्च', 'सदाभाऊ दिवाळी' असं लिहिलंय. तुमच्या सत्तावीस पुठ्ठ्यांवरची नावं त्याच्याशी ताडून बघा. उरलेलं रविवारी पाठवतो.