‘वळवणे’ की ‘रिकामी करणे’? > या चिन्हासाठी नेमकं क्रियापद

प्रश्न : कमांड टाइप करून संगणक कसा चालवावा हे सांगणाऱ्या एका सूचनापुस्तिकेचा मराठी अनुवाद तपासते आहे. ‘सॉर्ट यादी > यादी’ (सॉर्ट ही ओळी क्रमाने लावणारी कमांड, ‘यादी’ हे फाइलचं नाव, > ने आउटपुट पुढच्या फाइलमध्ये जातं) या ओळीखाली लिहिलंय, ‘आउटपुट त्याच फाइलवर वळवल्यास जुना मजकूर ओव्हरराइट होतो.’ ‘वळवल्यास’ ठीक वाटतं, ‘ओव्हरराइट’ खटकतं. कमांड चालवली की ‘यादी’ 0 बाइटची होते, तिच्यात नवं काहीच येत नाही. मग काय लिहावं?

उत्तर : खटकतंय ते रास्तच आहे. ओव्हरराइट म्हटलं की जुन्याच्या जागी नवं आलं असं वाटतं. इथे > दिसताच शेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम, ती फाइल लिहिण्यासाठी उघडतं आणि उघडतानाच रिकामी करतं. सॉर्ट सुरू होतो तो त्यानंतर. त्याच्या हाती रिकामी फाइल पडते, ती वाचून तो मुकाट्याने थांबतो. एररचा संदेश नाही, एक्झिट कोडही 0, म्हणजे ‘सगळं ठीक’.

हे काम शेलचं, सॉर्टचं नव्हे, याचा पुरावा हवा असेल तर फालतू फाइल घेऊन कमांडचं नाव मुद्दाम चुकवून पाहा : ‘सॉर्ट्ट यादी > यादी’. ‘कमांड सापडली नाही’ असा संदेश येईल, पण यादी तोवर रिकामी झालेली असेल. म्हणून वाक्यात कर्ता यायलाच हवा : ‘कमांड सुरू होण्याआधीच शेल ती फाइल रिकामी करतं.’ ‘वळवणे’ मात्र राहू द्या. मोर्चा वळवतात तसंच आउटपुट वळवतात, छान रुळलेला शब्द आहे. ‘पुनर्निर्देशन’ (रिडायरेक्शन) वाचून कुणालाही काही उमगत नाही.

दुसरं उत्तर : ‘रिकामी करणे’ फक्त > साठी. >> मध्ये फाइल रिकामी होत नाही, तिथे ‘शेवटी जोडणे’ म्हणा. तिथला धोका वेगळा आहे. ‘कॅट यादी >> यादी’ मध्ये कॅट (फाइल वाचून तिचा मजकूर दाखवणारी कमांड) वाचत जाईल आणि स्वतःच लिहिलेलं पुन्हा वाचेल, डिस्क भरेपर्यंत. जीएनयूचा (लिनक्सवर सहसा असतो तो) कॅट हे ओळखून नकार देतो, पण सगळेच कॅट देत नाहीत.

प्रश्नकर्ती : आणि ‘सॉर्ट यादी | युनिक > यादी’? युनिक लागोपाठ आलेल्या सारख्या ओळी काढतो. मधे पाइप (|, एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारं चिन्ह) आहे, म्हणजे सॉर्ट आधी संपत असेल ना?

उत्तर : नाही. पाइपच्या दोन्ही बाजू एकदमच सुरू होतात. सॉर्टने वाचायच्या आत यादी रिकामी झाली की संपलं. कधी मजकूर शाबूत राहीलही, पण त्यावर विसंबून राहू नये. अनुवादात ‘आधी’, ‘नंतर’ हे शब्द पाइपसाठी अजिबात वापरू नका.

त्याच पानावर उपायही द्या. ‘सॉर्ट -ओ यादी यादी’ सुरक्षित आहे, कारण -ओ ने सांगितलेल्या फाइलमध्ये सॉर्ट स्वतः लिहितो, तेही सगळं वाचून झाल्यावर. इतर कमांडसाठी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून, && (आधीची कमांड यशस्वी झाली तरच पुढची चालवणारं चिन्ह) लावून, एमव्ही या कमांडने तिचं नाव बदलावं. मोअरयुटिल्स या कमांडसंचातला स्पंज असेल तर तोही चालेल, तो सगळं इनपुट शोषून घेतल्यावरच फाइल उघडतो.

प्रश्नकर्ती : पुढच्या पानावर ‘सेट -ओ नोक्लॉबर’ आहे. क्लॉबरला काय म्हणू?

उत्तर : पर्यायाचं नाव तसंच ठेवा, ते टाइप करावं लागतं. अर्थ असा द्या : ‘हा पर्याय चालू असताना असलेली फाइल > ने रिकामी करू दिली जात नाही, मुद्दाम करायचीच असेल तर >| वापरावं.’