गॉल (श्रीलंका): राहणे, जेवण आणि भटकंती याबाबत मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील गॉल येथे सहकुटुंब जाण्याचे ठरले आहे. विमानाची तिकिटे काढून झाली आहेत, परंतु राहण्याची जागा अद्याप ठरलेली नाही, कारण आम्ही काय खाणार आणि किती चालणार यावरच ती अवलंबून आहे. बरोबर सासू-सासरे आहेत. सासूबाई पूर्ण शाकाहारी असून अंडेही खात नाहीत. सासऱ्यांना मात्र मासळी रोज चालते, किंबहुना लागतेच. त्यांचे गुडघे दुखत असल्याने फार पायऱ्या चढवत नाहीत.

पहिला प्रश्न मुक्कामाचा. पोर्तुगीजांनी १५८८ मध्ये सुरू केलेला आणि १६४० नंतर डचांनी भक्कम तटबंदी घालून वाढवलेला गॉलचा किल्ला आजही नांदता आहे; आत घरे, शाळा, न्यायालय, मशीद, चर्च सारे काही आहे, आणि १९८८ पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. आत राहिल्यास दुपारी खोलीवर परतता येईल आणि ऊन उतरल्यावर तटावरून सावकाश फिरता येईल, हा मोठा फायदा वाटतो, कारण तटावर सावली जवळजवळ नाहीच. उलट पाच-सहा किलोमीटरवरील उनावटुना येथे पोहण्याजोगा शांत उपसागर आहे. ज्येष्ठ मंडळींसह या दोन्हींपैकी कोठे राहिलात, आणि रात्री टुकटुक (तिथली रिक्षा) सहज मिळते का?

आता मुख्य अडचण, म्हणजे जेवण. भात आणि चार-पाच भाज्यांचे तेथील रोजचे जेवण नारळाच्या दुधातले असल्याने सासूबाईंना आवडेल याबद्दल शंका नाही. परिप्पू म्हणजे मसूर डाळीचे वरण, कोवळ्या फणसाची ‘पोलोस’ ही भाजी, गोटुकोला या पानांची खोबरे घालून केलेली कोशिंबीर, हे सारे वर्णन ऐकूनच त्या खूश आहेत. गोम अशी आहे की ओल्या खोबऱ्याच्या ‘पोल सांबोल’ या चटणीत आणि पुष्कळदा साध्या भाजीतही ‘उंबलकड’ घालतात. हा सुकवून लाकडासारखा कडक केलेला मासा असतो. तो कुटून घातला की डोळ्यांना दिसत नाही आणि वाढणाऱ्यालाही तो ‘मासे’ या सदरात मोजावासा वाटत नाही. त्यामुळे ‘मासे आहेत का?’ एवढेच विचारून भागणार नाही, ‘उंबलकड आहे का?’ असे नाव घेऊनच विचारावे लागेल, असे मी समजते. हे समजून घेऊन वेगळी चटणी वाटून देणारी एखादी खानावळ किंवा घरगुती मुक्काम किल्ल्यात अथवा बसस्थानकाच्या बाजूला कोणाला माहीत आहे का? न्याहारीची चिंता कमी आहे; इंदिआप्पा (तांदळाच्या शेवया) आणि म्हशीच्या दुधाचे मडक्यातले दही, त्यावर कितुल माडाचा पाक, एवढ्यावर त्यांचे सहज भागेल.

सासऱ्यांसाठी ‘अंबुल थियाल’ चांगले कोठे मिळेल ते सांगावे. टुनासारख्या मासळीचे तुकडे गोरका या आंबट फळाचा आणि मिऱ्यांचा लेप देऊन मडक्यात रस आटेपर्यंत शिजवतात. हा प्रकार दक्षिण किनाऱ्याचाच मानला जातो. पर्यटकांसाठी सौम्य केलेला नको, स्थानिक लोक जेथे दुपारी जेवतात तेथला हवा.

भटकंतीत किल्ल्यातील १९३९ चे दीपगृह आणि १७५५ चे डच चर्च पाहायचेच आहे. तटावरून खालचे क्रिकेटचे मैदानही दिसते. जुलै २०१० मध्ये मुरलीधरनने प्रग्यान ओझाला बाद करून आठशेवा कसोटी बळी घेतला तो येथेच. सासरे त्या सामन्याबद्दल आजही तावातावाने बोलतात, म्हणून मैदान आतून पाहू देतात का, हेही विचारून ठेवते. रूमस्सला टेकडी म्हणजे हनुमंताने नेलेल्या द्रोणागिरीचा पडलेला तुकडा, अशी तेथे कथा आहे. तेथील जपानी शांतिस्तूपापर्यंत वाहन जाते का? जवळच्या जंगल बीचवर उतरण्याची वाट गुडघे दुखणाऱ्यास झेपेल का?

मिरिस्सा येथील देवमासे पाहण्याचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल असल्याने वेळ जुळते, पण पहाटे निघून काही तास उघड्या समुद्रात बोट हेलकावणार, शिवाय अनेक बोटी एकाच देवमाशाला घेरतात अशा तक्रारी वाचल्या आहेत. त्याऐवजी मादू गंगा या नदीच्या खारफुटीतील संथ बोटफेरी बरी, असा माझा कल आहे. कोग्गलाचे काठीवर बसून मासे धरणारे कोळी आता बहुधा छायाचित्रांचे पैसे घेण्यासाठीच बसतात, तेव्हा त्यासाठी मुद्दाम थांबणार नाही.

कोलंबोहून गॉलला किनाऱ्यालगतच्या रेल्वेने, उजव्या बाजूच्या खिडकीत बसून जावे असे वाटते. आरक्षित आसने आयत्या वेळी मिळतात का, की सामान आणि वडीलधारी मंडळी पाहता द्रुतगती मार्गाने मोटारच करावी? तसेच पौर्णिमेला, म्हणजे ‘पोया’ च्या सुटीला, मद्यविक्री बंद असते हे माहीत आहे. त्या दिवशी लहान खानावळीही बंद असतात का?

उत्तर देताना शक्य असल्यास खानावळीचे नाव, गल्ली आणि आपण साधारण कोणत्या वर्षी गेला होता हे लिहावे, म्हणजे आम्हाला शोधणे सोपे जाईल.