धनुर्विद्या सक्तीची करा म्हणे! आधी पीटीचा तास तर द्या

माणदेशी: काल गटावर एकानं लिहिलं, ‘अदिती स्वामी साताऱ्याची, मग जिल्ह्यातल्या प्रत्येक हायस्कुलात पीटीच्या तासाला धनुर्विद्या सक्तीची करा.’ ढीगभर लोकांनी वाहवा केली, म्हणून लिहितोय. २०२३ साली बर्लिनला ती सतराव्या वर्षी धनुर्विद्येत जगज्जेती झाली, त्याचा अभिमान मलाही आहे. पण ती पीटीच्या तासाला नाही, अकादमीत प्रवीण सावंतांच्या हाताखाली घडली. पस्तीस मिनिटांचा तास, साठ पोरं, धनुष्यं दोन. एकेकाच्या वाट्याला बाण किती येणार? आमच्याकडं कित्येक शाळांना कुंपण नाही. मैदानातून शेरडं जातात, बायका पाण्याला जातात. टार्गेट चुकलेला बाण कुठं जाणार, ते सांगा.

पीटी मास्तर, कराड: अमेरिकेत केंटकीत २००२ पासून शाळेच्या तासालाच शिकवतात. अंतर १० आणि १५ मीटर, सगळ्यांना एकाच जातीचं धनुष्य. दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर यायचं, एकीला बाण सोडायचा, तीन झाल्या की बाण काढायला जायचं. पाच वाजल्या की सगळं जागच्या जागी बंद. मी स्वतः बांबूच्या धनुष्यावर नववीला शिकवलंय. कबड्डीत ज्याला कुणी संघात घेत नाही, ते पोरगं रेषेवर ताठ उभं राहतं. हे तुम्ही बघितलेलं नाही, म्हणून असं लिहिता.

मिरजकर: शिट्टी वाजवणार कोण, सर? माझ्या मुलीच्या वेळापत्रकात पीटी आहे, त्या तासाला गणित चालतं. दिवाळीनंतर तर तासच गायब.

पीटी मास्तर, कराड: तास आम्ही सोडत नाही, आमच्याकडून काढून घेतात! निवडणुकीचं काम आम्हाला, कवायत आम्हाला. स्पर्धेला पोरं न्यायची तर एसटीचं भाडं पदरचं.

वाळव्याचा बापू: पालकांनाच पीटी नको असते. दहावीला खेळाचे सवलतीचे गुण मात्र हवेत. आमच्या ओळखीतल्या एका पोरानं कधी मैदान बघितलं नाही, पण सर्टिफिकेट आलं. माझा भाचा रोज पहाटे उठून सराव करायचा, त्याला काही नाही. कुणाला विचारायचं?

मिरजकर: सगळे पालक एका मापानं मोजू नका, बापू. मी मुलीच्या तासासाठी मुख्याध्यापकांशी भांडलोय.

वाळव्याचा बापू: मग तुमच्यासारखे चार जण तरी दाखवा.

फलटणकर: मूळ मुद्द्यावर या. आमच्या तालुक्यातल्या सरडे गावचा धनुर्धर प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला गेला. त्याला झेडपीच्या शिक्षकांनीच हेरलं, तेही धावण्यासाठी. धनुष्य हातात आलं सरकारी क्रीडा प्रबोधिनीत. म्हणजे शाळेनं पोरगं ओळखायचं, पुढं पाठवायचं.

माणदेशी: मी तेच म्हणतोय.

पीटी मास्तर, कराड: नाही, तुम्ही नकोच म्हणत होता. आणि धनुष्य हातात दिल्याशिवाय त्यातलं पोरगं ओळखायचं कसं?

माणदेशी: बरं. आठवीपासून, ऐच्छिक, एका वेळी दहा पोरं, टार्गेटच्या मागं उंच मातीचा बांध आणि शिकलेला शिक्षक. एवढं असेल तर माझी हरकत नाही. सक्तीला विरोध कायम.

पीटी मास्तर, कराड: बांध पोरांना घेऊन मी घालतो. गणिताला गेलेला माझा तास कोण परत आणून देतंय, तेवढं सांगा.