कोलोरॅडोत हरणासाठी ७ एमएम मॅग्नम की .३०० विन मॅग?

पाचपाखाडीकर:
मी ठाण्याचा. मामेभाऊ डेन्व्हरला असतो. यंदा कोलोरॅडोच्या शिकारीच्या ड्रॉमध्ये (सोडतीत) मला म्यूल डिअर या हरणाचा टॅग, म्हणजे एका जनावराच्या शिकारीची परवानगी, लागलाय, ऑक्टोबरअखेर गनिसनच्या बाजूला जायचंय. रायफल भावाचीच वापरणार. त्याच्याकडे ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम आहे (मॅग्नम म्हणजे जास्त दारूचं, जोरदार काडतूस), मित्राची .२७० विंचेस्टरही मिळू शकते. भाऊ म्हणतो .३०० घे, हरीण जागेवर बसेल. मी आजवर वरळीच्या रेंजवर फक्त .२२ चालवली आहे. ३०० यार्डांपलीकडे बार टाकणार नाही. काय घेऊ?

सीवूड्सकाका:
.२७० घ्या. नोकरीमुळे मी बरीच वर्षं कोलोरॅडोत होतो, हा वाद तिथे दर हंगामात ऐकलाय.

आधी आकडे बघा. २०० यार्डांवर झीरो केलेली (म्हणजे तिथे नेमक्या जागी लागेल अशी दुर्बीण जुळवलेली) .२७०ची १३० ग्रेन वजनाची गोळी ३०० यार्डांवर साधारण साडेसहा इंच खाली जाते. १५० ग्रेनची ७ एमएम मॅग्नमही जवळपास तेवढीच. म्हणजे तुमच्या अंतरात मॅग्नमचा काही फायदा नाही. हरणासाठी तिथला नियम १०० यार्डांवर गोळीत १,००० फूट-पाउंड (ऊर्जेचं माप) ऊर्जा मागतो; .२७० त्याच्या दुपटीच्या वर आहे. .३०० विन मॅग १९६३ची, एल्कसारख्या मोठ्या जनावराला किंवा लांबच्या बाराला ती शोभते.

आता बार उडाल्यावर खांद्याला बसणारा धक्का. .२२ला तो नसतोच. आठ पाउंडांच्या रायफलमध्ये .२७०चा १७ फूट-पाउंडांच्या आसपास, .३०० विन मॅगचा २५च्या वर. चार-पाच बारांनंतर खांदा आधीच आकसतो, डोळे मिटतात. हे स्वतःला कळत नाही, म्हणून भावाला रायफल भरायला सांगा. मधूनच त्याने न सांगता डमी (दारू नसलेलं) काडतूस घालावं. ट्रिगर दाबल्यावर नुसतं 'टक' झालं आणि नळीचं तोंड खाली गेलं, तर समजा तुम्ही धक्क्याला घाबरताय. अशा हाताने सोडलेली मॅग्नम पोटात लागते, जनावर मैलभर जाऊन तडफडतं. मला याचाच राग येतो. काडतूस मोठं घेऊन नेम सुधारत नाही.

मटणाचंही बघा. साध्या मऊ गोळीची मॅग्नम जवळून खांद्यावर बसली की कातडी सोलल्यावर आख्खा खांदा काळानिळा, रक्ताच्या जेलीने भरलेला निघतो. तो भाग टाकूनच द्यावा लागतो. मॅग्नमच हातात आली, तर नोस्लर पार्टिशन किंवा अख्ख्या तांब्याची गोळी घ्या. ती लवकर फुटून विखुरत नाही. नेम पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात.

कळव्याची_मेघना:
येऊरच्या वाटेवर चितळ दिसलं तरी मी श्वास रोखून उभी राहते, त्यामुळे मला शिकार पटत नाही. आपल्याकडे १९७२च्या कायद्याने ती बंद झाली, ते बरंच झालं. पण तिथे रीतसर परवाना आहे आणि तुम्ही जाणारच आहात, तर काकांचं ऐका. जनावर हाल होऊन मरू नये, एवढंच मागणं.

ऐरोलीचा_मंदार:
एक कायद्याची गोष्ट. टुरिस्ट व्हिसावर अमेरिकेत बंदूक जवळ बाळगायला मनाई आहे. वैध हंटिंग लायसन्स असेल तर सूट मिळते. ते हातात येईपर्यंत भावाची रायफल रेंजवरही उचलू नका. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतरच्या जन्माला हंटर एज्युकेशनचं (शिकारीच्या प्रशिक्षणाचं) कार्डही लागतं. शिवाय अंगावर फ्लोरोसंट केशरी किंवा गुलाबी रंग ५०० चौरस इंच हवा.

पाचपाखाडीकर:
कार्ड गेल्या खेपेलाच काढलंय, लायसन्स भावाच्या पत्त्यावर आलंय. .२७० ठरली. काका, हंगामाच्या आठवडाभर आधी पोचतोय. पुरेल?

सीवूड्सकाका:
पुरेल, पण रोज थोडेच बार करा, वीसच्या वर नको. बेंचवरून (रेंजवरच्या टेबलावरून) झीरो झालं की बेंच सोडा. जंगलात तो नसतो. बसून, काठीच्या टेकूवर, पाठीवरच्या बॅगेवर रायफल ठेवून मारा. नऊ इंची ताटलीत सगळ्या गोळ्या जिथपर्यंत बसतील, तेच तुमचं अंतर. २०० यार्डच निघालं तर २००च्या पुढे बार टाकायचा नाही. आणि झीरो ज्या डब्यातल्या काडतुसांनी केलं, शिकारीला तीच न्या. गनिसनची थंडी आणि उंची दोन्ही अंगावर येतात, पहिला दिवस नुसते चाला.