कोळसा आणि ॲक्रिलिक: फिक्सेटिव्हनंतरचं काम

कोळशाने काढलेल्या चेहऱ्यावर ॲक्रिलिक रंग लावला की चेहरा मळकट होतो, म्हणून आधी फिक्सेटिव्ह (कोळसा कागदाला धरून ठेवणारा स्प्रे) मारा, हा नेहमीचा सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. विलो चारकोलमध्ये (विलोच्या काड्या जाळून केलेल्या कोळशात) बाइंडर, म्हणजे भुकटी धरून ठेवणारा चिकट पदार्थ, नसतो, भुकटी कागदावर नुसती टेकलेली असते. फुटभर अंतरावरून फिक्सेटिव्हचे दोन-तीन हलके हात मारले तरी ओला ब्रश दोनदा फिरला की ती सुटते. त्यामुळे फिक्सेटिव्ह वाळल्यावर मॅट मीडियम (रंग नसलेलं, चमक न येणारं ॲक्रिलिक माध्यम) आणि पाणी निम्मं-निम्मं करून मऊ, रुंद ब्रशने एकाच दिशेने एक हात द्या. त्याच जागी परत घासू नका. तो पूर्ण वाळला की रेषा हलत नाही. आणि मळकटपणा सगळीकडे सारखा दिसत नाही. यलो ऑकरमध्ये (मातकट पिवळ्या रंगात) काळी भुकटी मिसळली की रंग हिरवट होतो, गाल आजारी दिसतात. म्हणून गाल-कपाळाच्या उजेडाच्या भागात कोळसा कमीच ठेवावा, जबड्याखाली मात्र तो रंगात मिसळू द्यावा. तिथली ती राखाडी सावली ट्यूबमधल्या काळ्यापेक्षा कितीतरी जिवंत असते!

यात सहसा राहून जाणारा मुद्दा म्हणजे रंगावर पुन्हा कोळसा. वाळलेलं ॲक्रिलिक गुळगुळीत असतं, कांडी घसरते, रेषा फिकट उमटते. जिथे रेषा हवी (पापणीची कड, नाकपुडी, केसांची सुरुवात) तेवढ्याच भागावर क्लिअर जेसोचा (रंगकामाआधी देतात त्या पारदर्शक अस्तराचा) पातळ थर द्या. वाळल्यावर तो बारीक सँडपेपरसारखा लागतो आणि कोळसा घट्ट धरतो. जाड लावलात तर गडद रंगांवर दुधाळ झाक येते. या शेवटच्या रेषांना कॉम्प्रेस्ड चारकोल (भुकटी बाइंडर घालून दाबून केलेली कांडी) घ्या, विलो तेवढा काळा उमटत नाही.